शालेय तंत्रज्ञान-नेतृत्व
शालेय तंत्रज्ञान-नेतृत्व : अध्यापन, मूल्यमापन व शालेय कारभार यांत तंत्रसाधने कशासाठी व कोणत्या क्रमाने वापरावयाची हे ठरवून त्यांकरिता शिक्षक, पालक व निधी यांची जुळणी करण्याचे मुख्याध्यापकाचे कार्य. साधनांची खरेदी हा त्याचा सर्वांत सोपा भाग होय.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत या कार्यातील अडचणी विशेष जाणवतात. तालुक्यांचा पूर्वेकडील बराच भाग कुकडी प्रकल्पामुळे बागायती झाला असून नारायणगाव, मंचर यांसारख्या बाजारपेठांच्या गावी मोठ्या माध्यमिक शाळा आहेत. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी समाजाच्या विखुरलेल्या वाड्या असून तेथील शाळांचा पट अल्प असतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) प्राथमिक शाळेचा पट दीडशेहून अधिक असेल, तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे. परिणामी लहान शाळेत वर्गशिक्षकच मुख्याध्यापकाचा भार वाहतो. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता शिकविणे, पोषण आहाराचा हिशेब ठेवणे व २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत माहिती भरणे ही कामे त्याच्याकडेच येतात. अशा ठिकाणी संगणकाने काम हलके होण्यापूर्वी ते वाढते. विजेचे देयक, पावसाळी दमटपणा व दुरुस्ती यांची आधी व्यवस्था न लावल्यास यंत्र कपाटात पडून राहते.

करोना साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमाला सुरू झाली. भ्रमणध्वनीवरूनही पाठ पाठविण्यात आले. परंतु कोणत्या घरी दूरचित्रवाणी आहे, कोठे संपर्क लागत नाही, हे शाळेलाच ठाऊक होते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शिक्षकांनी वाड्यांवर जाऊन छोटे गट शिकविले. साधन सोडून देण्याचा असा निर्णयही तंत्रज्ञान-नेतृत्वातच मोडतो.

तंत्रज्ञान म्हणजे केवळ संगणक नव्हे, ही दृष्टी शेजारच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे रुजली. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. त्यातून विकसित झालेल्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती व गृह-आरोग्य यांतील कामे विद्यार्थी स्वतः करतात. त्यासाठी वेळापत्रकात सलग तासिका मोकळ्या ठेवणे मुख्याध्यापकाच्या हाती असते.

जुन्नर तालुक्यातच खोडद येथे ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे केंद्र आहे. तेथे राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त (२८ फेब्रुवारी) भरणाऱ्या प्रदर्शनात परिसरातील विद्यार्थी स्वतः केलेली उपकरणे मांडतात. त्याची वर्षभराची तयारी करवून घेणे मात्र पुन्हा शाळाप्रमुखावरच अवलंबून असते.