गेलिक स्थलनामांतील डोंगर आणि ओढे : एक अर्थविचार

एखाद्या भूप्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या समाजाची दृष्टी तेथील स्थलनामांत साठविलेली असते. स्कॉटलंडमधील गेलिक नामांच्या संदर्भात हे विशेषत्वाने जाणवते.

गेलिकमध्ये डोंगराचा वाचक शब्द एकच नाही. ‘बेन’ म्हणजे पर्वत, ‘म्यौल’ म्हणजे गोलसर डोंगर, तर ‘स्गूर’ म्हणजे खडकाळ सुळका. ‘द्रुइम’ (पाठ) आणि ‘स्रोन’ (नाक) हे अवयववाचक शब्द अनुक्रमे डोंगराची धार आणि सोंड दर्शवितात. ‘आल्त’ या शब्दाचा मूळ अर्थ कडा अथवा चढण असा होता. स्कॉटलंडमध्ये तो उंच काठांमधून वाहणाऱ्या ओढ्याला लागला. वेल्श भाषेत मात्र तो उताराचाच वाचक राहिला.

विशेषणांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. बेन नेव्हिसजवळील ‘ऊनख मोर’ (मोठा) १२२१ मीटर, तर ‘ऊनख बेग’ (लहान) १२३४ मीटर उंच आहे. येथे मोठेपण डोंगराच्या पसाऱ्याचे आहे. मोजणीदाराच्या उंचीशी त्याचा संबंध नाही.

केर्नगॉर्म पर्वतरांगेचे गेलिक नाव ‘आम मोनघ रुअघ’, म्हणजे तांबूस डोंगराळ मुलूख. रूढ झालेले नाव मात्र एका ‘निळ्या’ शिखरावरून आले आणि संपूर्ण रांगेचा रंगच पालटला.

२०२२ च्या जनगणनेनुसार स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलू शकणारे सुमारे ७० हजार आहेत. नकाशावरील ही नामे उच्चारणारे पुष्कळ, त्यांचा अर्थ जाणणारे थोडे, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे स्थलनामांचा अर्थशोध हा भाषारक्षणाचाच एक भाग ठरतो.