२०० अ‍ॅम्पियरचा मोह

बालाघाटच्या धानपट्ट्यात गाडीचा पत्रा खालून कुजतो. पावसाळाभर चाकांनी उडवलेला चिखल आणि मॅटखाली मुरलेलं पाणी आपलं काम गुपचूप करत राहतं. वरचा रंग फुगून दिसेपर्यंत फ्लोअरची जाळी झालेली असते. अशा कामांसाठी जिल्ह्यातल्या हट्टा गावचा एखादा होतकरू डेंटर पहिलं वेल्डिंग मशीन घ्यायला बालाघाट किंवा गोंदियाच्या बाजारात जातो. तिथे त्याची पहिली गाठ पडते ती आकड्याशी: जास्त अ‍ॅम्पियर, जास्त चांगलं मशीन.

मोटारीच्या कामात हे उलटं आहे. बॉडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याला ३०-४० अ‍ॅम्पियर पुरतात. २०० अ‍ॅम्पियरची ताकद ट्रॉलीच्या जाड चॅनलला लागते. म्हणून दुकानात विचारायचं ते हे, की मशीन किती खाली उतरतं आणि तिथे आर्क टिकतो का. शक्य असेल तर जुन्या दरवाज्याचा तुकडा सोबत न्यावा आणि त्यावरच चालवून पाहावं.

‘गेट-खिडक्यांचं रॉडचं मशीन घरात आहेच, त्यावर भागेल’ हा दुसरा समज. २.५ मिलिमीटरचा रॉड नीट जळायलाच साठेक अ‍ॅम्पियर मागतो. पातळ पत्र्याला तो टेकला की भोक पडतं. ते बुजवायला आणखी एक टाका मारावा, तर कडा वितळून भोक रुंदावतं. जुने डेंटर गॅस वेल्डिंगवर हेच काम सफाईने करत आले आहेत, त्यांच्या हाताला तोड नाही. पण ज्वाळेची उष्णता दूरवर पसरते, पॅनेल वाकतं आणि मग लांबीचा (पुट्टीचा) थर वाढत जातो. नवशिक्याने मिगच, म्हणजे गनमधून तार पुढे सरकवणारं मशीन घ्यावं, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट सीओटू म्हणतात. तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची असावी.

सिलेंडरचा खर्च वाचतो म्हणून गॅसलेस मशीनकडे ओढा असतो. उघड्यावर, वाऱ्यात ते खरंच कामाचं आहे. मात्र त्याची तार महाग पडते, शिंतोडे आणि स्लॅग जास्त, आणि पातळ पत्र्यावर आवर कठीण. शिवाय त्या तारेसाठी गन सहसा निगेटिव्हला जोडावी लागते, गॅसच्या साध्या तारेसाठी पॉझिटिव्हला. ही अदलाबदल करता येत नसेल, तर ते मशीन एकाच कामाचं. गॅस वापरायचा असेल, तर नुसत्या कार्बन डायऑक्साइडवरही काम होतं. आर्गॉनच्या मिश्रणावर आर्क शांत राहतो, शिंतोडे कमी उडतात.

सलग रेघ ओढली की जोड पक्का, असंही मानतात. पातळ पॅनेलवर सलग रेघ म्हणजे पत्रा वाकणार. दूर दूर छोटे टाके मारायचे, थंड होऊ द्यायचे, मग मधल्या जागा भरायच्या.

‘तार गंज जाळून टाकते’ हा समज तर याच जिल्ह्यात दुरुस्त व्हायला हवा. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीतून मँगनीज निघतं, आणि मिगच्या नेहमीच्या तारेतही सुमारे दीड टक्का मँगनीज असतं. ते आणि सिलिकॉन वितळलेल्या धातूतला ऑक्सिजन खेचून घेतात, त्यामुळे किरकोळ गंज खपतो. खपल्या मात्र खपत नाहीत. ग्राइंडरने घासून चकाकता पत्रा उघडा केल्याशिवाय टाका धरत नाही, वरून कितीही छान दिसो.

धुराबद्दलचा समज सर्वांत घातक. गूळ खाल्ला, दूध प्यायलं की धूर बाधत नाही, असं कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ऐकतात. धूर जातो फुप्फुसात, दूध जातं पोटात. जस्ताचा थर असलेला पत्रा वेल्ड केला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणारा ठरवला. मशीनच्या बजेटमधूनच चांगला मास्क आणि हेल्मेट काढावं. दोनशेऐवजी दीडशे अ‍ॅम्पियरचं मशीन घेऊन पैसे उरत असतील, तर ते इथेच लागावेत.

आणि टाका मारण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा. नव्या गाड्यांच्या मधल्या खांबात बऱ्याचदा अतिकठीण बोरॉन पोलाद असतं. उष्णतेने त्याची ताकद जाते, तेव्हा कंपनीची दुरुस्ती-पद्धत हाताशी नसेल तर त्या खांबाला गन लावू नये.