गाण्यातले दुःख मला चांदीपला कळले

मी आपला खता-बियाण्यांचे सांगणारा माणूस. पण आज एका गाण्याविषयी लिहितो.

गेल्या पावसाळ्यात वसई तालुक्यातल्या चांदीपला भातलावणी चालू होती. एका घरचा कर्ता पुरुष वैशाखात वारला होता. घरधनीण पस्तिशीची, दोन मुले शाळेत जाणारी. मी गेलो तेव्हा त्या ताई रोपांच्या मुठी बांधत होत्या. चार शब्द धीराचे बोलावेत म्हणून मी त्यांना बहिणाबाई चौधरींचे उदाहरण दिले.

जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. तिशीत वैधव्य आले. शेतात राबताना, जात्यावर बसताना त्यांनी रचलेली गाणी मुलाने, कवी सोपानदेवांनी, जपली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली गाण्यांचे पुस्तक निघाले.

पती गेल्यावरचे त्यांचे एक गाणे आहे. कुंकू पुसता येते, पण अंगावरचे गोंदण राहते. बांगड्या फुटल्या तरी मनगटातला कामाचा जोर जात नाही, असा त्याचा भाव. सांत्वनाला आलेल्या बायकांची दया त्या शेवटी नाकारतात. "बघा ताई, किती खंबीर बाई!" मी म्हणालो. त्या आपल्या जिवालाच रडण्यापासून परतवतात, हेही सांगितले.

ताईंनी मान वर केली नाही. "साहेब, जिचं रडणं थांबलंय, ती जिवाला कशाला समजावेल? ती रडतच असणार."

तीस वर्षे मी ते गाणे धैर्याचे म्हणून सांगत आलो होतो. घरी येऊन पुस्तक काढले. खरेच, दया नको हे शेवटी येते. त्याआधी धरणीमातेला विचारलेला भांबावलेला प्रश्न आहे : झाड निघून गेले, मग सावली मागे कशी राहिली? हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. बांधावरचा जुना आंबा पडला, तरी कितीतरी दिवस दुपारी भाकरीचे फडके घेऊन पाय तिकडेच वळतात. आणि जिवाला तरी त्या काय सांगतात? डोळ्यांपुढे दोन लेकरे आहेत. जरासे हसून बघ. हुकूम नाही, मनधरणी आहे.

त्या दिवशी शेजारच्या सहाजणी न बोलावता ताईंच्या खाचरात उतरल्या होत्या. डोळे पूस असे कोणी म्हणाले नाही. मध्येच एकीने गेलेल्या माणसाची आठवण काढली, तो आवा किती सरळ धरायचा याची. ताई हसल्या आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. हात मात्र थांबले नाहीत.

मीही धीराचे बोलणे सोडले आणि सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का, ते विचारले. झाली नव्हती. वारसाहक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते आणि दोन कधीच उलटले होते. अर्ज मी बांधावर बसूनच लिहिला.