ठेच लागते, पण दगड कोण उचलतो?

पावसाळ्यानंतर वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्याच्या पांदणीने चालून पाहावे. चिखल वाळून बैलगाडीच्या चाकोऱ्या कडक झालेल्या असतात, मुरूम वाहून गेलेला असतो आणि खालचे काळे दगड डोके वर काढून बसलेले असतात. भल्या सकाळी कामाला निघालेल्या बाया एकामागे एक चालत असतात. डोक्यावर शिदोरी, हातात विळा. पुढची बाई एकदम "व माय!" म्हणून थांबते आणि मागे न पाहताच सांगते, "जपून या व, दगड हाय इथं." मागच्या साऱ्या जणी पाय उचलून तो दगड ओलांडतात. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण ज्या कोणी केली, त्याने असेच काहीतरी पाहिले असेल.

आज आम्ही या ठेचेविषयीच चार शब्द लिहिणार आहोत. शब्द लहान आहे, रोजचा आहे. पण आपल्या घरात तो कसा वापरला जातो, याचा विचार आपण कधी केलेला नसतो.

पुस्तकी मराठीत ठेच म्हणतात. आमच्या वऱ्हाडात ठेच म्हणणारे आहेत, तसे ठेस म्हणणारेही आहेत. जुन्या पुस्तकांत हा शब्द 'ठेंच' असा डोक्यावर टिंब देऊन छापलेला दिसतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर ते टिंब गेले, दुखणे मात्र राहिले. ठेचणे, ठेचा आणि ठेच हे तिन्ही शब्द एकाच घरातले. मिरची-लसूण दगडाखाली सापडले की ठेचा होतो आणि पायाचे बोट दगडावर आपटले की ठेच लागते. ज्याने दोन्हींचा झणझणीतपणा अनुभवला आहे, त्याला हे नाते समजावून सांगायला नको.

तोल जाण्याचे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. पाय अडकून चाल मोडली तर अडखळणे. वाचताना जीभ अडली तरी अडखळणेच. ओल्या मातीवर घसरणे. घाईने, कसेबसे उठत-पडत जाणे म्हणजे धडपडणे. ठोकर मात्र बोटाला बसते तशी नशिबालाही बसते. मनालाही ठेच लागते, आणि तिथे रक्त दिसत नाही म्हणून ती लवकर बरी होत नाही.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. मराठीत ठेच कोणी 'करीत' नाही, ती 'लागते'. भूक लागते, तहान लागते, तशीच. म्हणजे आपल्या भाषेने ठेच लागणाऱ्याला दोषी धरलेले नाही. पण आपण काय करतो? लेकरू रडत घरात आले की पहिला प्रश्न, "डोळे फुटले होते काय? पाहून चालता येत नाही काय?" भाषा दोष देत नाही, आपण देतो.

दुसरी सवय शकुनाची. कामाला निघताना उंबऱ्यावर ठेच लागली की "बस जरा, पाणी पी, मग जा" असे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून येते. पाणी प्यायला आमची हरकत नाही. पण त्यात अपशकुन कसला? चालताना आपला पाय जमिनीपासून फार उंच उचललाच जात नाही. पाऊल पुढे येत असताना एका क्षणी बोटांची टोके जमिनीपासून जेमतेम एक-दीड सेंटिमीटर वर असतात. तेवढ्या उंचीचा दगड ठेच लागायला पुरतो. वय झाले, नजर कमी झाली, पाय फरफटू लागला की धोका वाढतो. जगात अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडणे हे रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल दुसरे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा घरात म्हातारे माणूस असेल तर शकुन पाहण्यापेक्षा न्हाणीकडे जाणाऱ्या वाटेवर रात्री दिवा ठेवावा.

ठेचेच्या जखमेवर माती, तंबाखू किंवा रॉकेल लावू नये. स्वच्छ पाण्याने व साबणाने ती धुवावी, कोरडे स्वच्छ फडके बांधावे आणि धनुर्वाताची सुई घ्यायची का, हे आरोग्य केंद्रात विचारावे. मधुमेहाच्या माणसाने विशेष जपावे. त्याच्या पायाला बधिरता आलेली असते, ठेच लागलेली त्याला कळतही नाही आणि जखम चिघळते. त्याने रोज रात्री पाय पाहून घ्यावेत, अनवाणी चालू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सर्वांची ठेच आपण सारखी मोजत नाही. मुलाचा धंदा बुडाला, तर आपण म्हणतो, "ठेच लागली, शहाणा झाला." मुलीचे लग्न मोडले, ती माहेरी परत आली, तर तिच्यासाठी ठेच हा शब्द आपल्याला सुचत नाही. तेव्हा 'पाय घसरला', 'पाऊल वाकडे पडले' असे शब्द बाहेर येतात. एकाच रस्त्यावर, एकाच दगडाने दोघांना लागते. एक शहाणा ठरतो, दुसरी नावाला बट्टा ठरते. माता-भगिनींनीच एकमेकींविषयी हे शब्द वापरायचे सोडले, तर अर्धे काम होईल.

शाळेच्या निकालाचेही तसेच. दहावीला एका विषयात गेलेल्या मुलाला पूर्वी 'ऑक्टोबरची वारी' म्हणून हिणवीत. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये होऊ लागली आणि पास झालेल्या पोराचे वर्ष वाचू लागले. पोरे एकाएकी हुशार झाली म्हणून हे घडलेले नाही. वाटेतला एक दगड बाजूला झाला, एवढेच.

आणि येथेच आमचे त्या म्हणीशी थोडे भांडण आहे. पुढच्यास ठेच लागली, मागचा शहाणा झाला, हे खरे. पण दगडाचे काय झाले? तो तिथेच राहिला. उद्या अंधारात येणाऱ्याला, डोक्यावर ओझे असलेल्याला, पायात वहाण नसलेल्याला तो पुन्हा लागणारच. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसे सांगत की गावातल्या मोठ्या वाड्यांपुढून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत. ज्यांना वहाण घालायचीच चोरी, त्यांनी किती शहाणे व्हायचे?

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ठेच लागली, तरी ते उठून चालले, एवढाच धडा आपण मुलांना सांगतो. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जे महाविद्यालय सुरू झाले तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मागून येणाऱ्यांना त्यांनी नुसते "जपून या" म्हटले नाही, दगडच उचलायला घेतला.

आमच्या गावच्या पांदणीत असाच एक दगड होता. साऱ्या गावाला तो ठाऊक होता. आम्ही लहान असताना त्याने आमचीही नखे काढली आणि दर वेळी घरून "पाहून चाल" एवढेच ऐकायला मिळाले. एके वर्षी आमच्या नात्यातल्या एका मावशीचा पाय त्यावर अडला. ती पडली आणि तिच्या डोक्यावरचे पाणी सांडले. दुसऱ्या दिवशी ती घरून सब्बल घेऊन आली. निम्मा दगड जमिनीत होता. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले, मग दोघांनी हात लावला. दुपारपर्यंत दगड बांधावर गेला आणि खड्ड्यात मुरूम पडला. त्या जागी दगड होता, हे आजच्या पोरांना ठाऊकही नाही.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. या आठवड्यात घरात कोणाला ठेच लागली, मग ती बोटाला असो, मनाला असो की निकालाला, तर "पाहून चालता येत नाही काय" हे वाक्य गिळून टाका. आधी "लागलं काय रे?" असे विचारा. मग दोघे मिळून जाऊन तो दगड पाहून या.