सिकलसेल, शाळा आणि आमचे घर

सिकलसेल असलेल्या लेकराला शाळेत पाठवायचे की घरीच शिकवायचे, हा प्रश्न विदर्भातल्या बऱ्याच घरांत कधी ना कधी येतो. हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात जास्त आढळतो. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याची नोंद १९५८ सालीच केली होती. गेल्या वर्षी आमच्या एकत्र कुटुंबातही हा प्रश्न उभा राहिला. दिराची मुलगी सात वर्षांची, दुसरीत जाणारी. तिला एसएस प्रकारचा सिकलसेल आहे. तिचा भाऊ पाच वर्षांचा, तो एएस, म्हणजे फक्त वाहक. पहिलीच्या वर्षात मुलगी चार वेळा दवाखान्यात भरती झाली. शेवटच्या वेळी छातीत संसर्ग होऊन रक्त चढवावे लागले. डॉक्टर म्हणाले, हा पावसाळा आणि हिवाळा हिला जपा. घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवले, एक वर्ष हिला घरी शिकवू.

वस्तीत लगेच चर्चा सुरू झाली. "बाबासाहेबांनी शाळेसाठी काय काय सोसलं, अन् तुमी पोरीले घरी बसवता?" असे एका आजींनी विहारात तोंडावर विचारले. प्रश्न रास्त होता. आजारपणात सुटलेली शाळा पुन्हा धरता धरता मुलीचे लग्नाचे वय होते, हे वस्तीत काम करताना आम्ही पाहिले आहे. म्हणून घरी शिकवण्याआधीच आम्ही तीन अटी घातल्या. शाळेच्या पटावरचे नाव काढायचे नाही. दर पंधरा दिवसांनी वर्गशिक्षिकेला भेटून अभ्यास विचारायचा. आणि पुढच्या वर्षी शाळेत परत जायचे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून तसा अर्ज मुख्याध्यापकांना दिला आणि त्याची पोच घेतली.

शाळेत काय अडत होते?

सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. अंगातले पाणी लवकर जाते, तहान जास्त लागते, लघवीला वारंवार होते. पाणी कमी पडले की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. शाळेत मात्र तासाच्या मध्ये पाणी पिऊ देत नसत, लघवीला सुटीतच जा म्हणत. पोरगी घाबरून पाणीच पीत नव्हती. त्यात पावसात भिजणे, थंडीत सकाळची प्रार्थना आणि मैदानावर पळणे. या सगळ्याने वेदना उठत.

घरातला दिवस

जूनअखेर शाळा सुरू झाल्या तेव्हाच आमचीही सुरू झाली. सकाळी नऊ ते साडेदहा मराठी आणि गणित, तेही अर्ध्या तासाने थांबून. दुपारी झोप. चार वाजता गोष्टीचे पुस्तक किंवा चित्र. संध्याकाळी दीर ऑटो उभा करून आले की पाढे आणि हिशेब. बालभारतीची पुस्तके होतीच. नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात वर्षे काढलेल्या आमच्या हाताला तक्त्याची सवय, म्हणून भिंतीवर एक तक्ता लावला. प्यायलेल्या पाण्याचे पेले, घेतलेल्या गोळ्या, ताप, दुखणे, सारे मुलगी स्वतः लिहू लागली. दोन अंकी बेरीज ती त्या पेल्यांवरच शिकली. दुखण्यासाठी एक ते पाच चेहरे काढले होते. आज कितवा चेहरा, हे ती सांगे. चौथा चेहरा असेल त्या दिवशी वही उघडायची नाही, फक्त आजीने गोष्ट सांगायची.

धाकट्याला मात्र अंगणवाडीत पाठवत राहिलो. वाहक म्हणजे आजारी नव्हे. त्याला घरी ठेवण्याचे काही कारण नव्हते. दुपारी तो ताईजवळ बसे आणि तिचे ऐकून अक्षरे गिरवी.

या शाळेचा भार घरातल्या बायांवर पडतो, हेही सांगितले पाहिजे. जाऊबाई शिवणकाम करतात. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी बरीच कामे परत केली. मग कामे वाटून घेतली. सकाळ जाऊबाईंची, दुपार सासूबाईंची, संध्याकाळ दिरांची, दवाखाना आणि औषधे आमच्याकडे. एकाच माणसावर टाकले असते तर दिवाळीपर्यंतही टिकले नसते.

घरी राहिल्याने काय काय सुटते?

शाळा फक्त धडे देत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या आहारातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. ती खिचडी घरी भरून काढावी लागली. अंडे, डाळ, फुटाणे, हिरवी भाजी असे रोजचे ठरवले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी तिला मुद्दाम शाळेत नेले. जंताची गोळी वर्षातून दोनदा असते, तीही चुकू दिली नाही. शाळेत मिळणारी लोहाची गुलाबी गोळी मात्र सिकलसेलच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह आधीच साठलेले असू शकते. फॉलिक अॅसिड वेगळे, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज दिले जाते.

सगळ्यात मोठी उणीव सोबतीची. ऑगस्टमध्ये पोरगी गप्प गप्प राहू लागली. "मोठीआई, माह्या मैत्रिणी मले विसरल्या असतील ना?" असे एके रात्री तिने विचारले. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी दोन मैत्रिणींना घरी बोलावणे सुरू केले, आणि रविवारी विहारातल्या बालवर्गात ती बरी असेल तेव्हा जाऊ लागली. औषधाइतकेच हेही लागते.

वर्षअखेरीस मुलगी दुसरीचे पुस्तक अडखळत का होईना वाचत होती, हातच्याची वजाबाकी करत होती. भरती एकदाच झाली. हे घरी ठेवल्याने झाले असे आम्ही म्हणणार नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध त्याच वर्षी सुरू झाले, दर वेळी रक्त तपासून ते नियमित दिले. न्यूमोकोकल लसही पूर्ण केली.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्यायही दिला. शाळा मध्येच सुटली असेल तरी वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा अधिक असेल तर त्या कायद्यातल्या बऱ्याच सवलती लागू होतात. म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा.

यंदा मुलगी तिसरीत शाळेत जाणार आहे. तिच्यासोबत शाळेला एक पत्र दिले आहे. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांनीही हे मुद्दे लिहून द्यावेत :

● पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला केव्हाही जाऊ द्यावे.
● थंडीत स्वेटर, टोपी काढायला लावू नये. पावसात भिजू देऊ नये.
● खेळू द्यावे, पण थकली की बसू द्यावे. शिक्षा म्हणून पळवू नये.
● दुखल्यास बर्फ लावू नये. पाणी द्यावे, कोमट शेक द्यावा आणि घरी फोन करावा.
● १०१ अंश किंवा अधिक ताप, छातीत दुखणे, धाप, पोट फुगणे, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हातापायातले बळ जाणे यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्यावे.

प्रत्येक आजारी मुलाला घरी ठेवावे असे आमचे म्हणणे नाही. पाणी, लघवी आणि ऊब एवढे सांभाळणारी शाळा असेल तर सिकलसेलचे बहुतेक मूल शाळेतच शिकू शकते. घर हा मधला मुक्काम आहे. तो घ्यावा लागलाच तर पटावरचे नाव सोडू नका.

आणि लग्न ठरवताना पत्रिका नको, रक्ताचा अहवाल पाहा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुला-मुलींना या महिन्यातच घेऊन जा.