महापालिका पाहावी ती कामाच्या दिवशी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडले की समोरच मुंबई महानगरपालिकेचे मुख्यालय दिसते. दोन्ही इमारती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्याच कल्पनेतल्या. डिसेंबर 1884 मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते पालिकेच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि 1893 मध्ये ती पुरी झाली. जानेवारी 2021 पासून शनिवार-रविवारी ती आतून दाखवणारी फेरी सुरू झाली. गॉथिक कमानी, त्यांवर सुमारे 235 फूट उंचीवरचा घुमट आणि लाकडी कोरीवकामाचे सभागृह हे सारे पाहण्याजोगे आहे, आणि दारे उघडली हे उत्तमच झाले. मात्र सुट्टीच्या दिवशी पाहिलेली पालिका अर्धीच राहते. ही वास्तू राहण्यासाठी किंवा मिरवण्यासाठी बांधलेली नाही. शहराने स्वतःचा कारभार पाहावा म्हणून ती बांधली, आणि तो कारभार चालू असतानाच तिचा अर्थ लागतो.

गोऱ्या साहेबाच्या इमारतीचे एवढे कौतुक कशाला, असे काही जण विचारतात. आराखडा इंग्रजाचा हे खरेच, पण बांधकामाचे कंत्राट व्यंकू बाळूजी कालेवार यांचे होते आणि पैसा करदात्यांचा. मंजूर खर्च सुमारे 11 लाख 88 हजार रुपये असताना काम 11 लाख 20 हजारांच्या आतच आटोपले. सार्वजनिक बांधकामाचा हा हिशेब मला कुठल्याही नक्षीइतकाच दाखवण्याजोगा वाटतो. शिवाय दाराबाहेर पुतळा आहे तो फिरोजशहा मेहतांचा. 1888 च्या महापालिका कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता, आणि शहराने स्वतःचा कारभार पाहण्याच्या ज्या हक्कासाठी ते लढले, तो या सभागृहातल्या बाकांवरच कळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पर्यटकांच्या गर्दीने कामात अडथळा येईल, सुरक्षेचा प्रश्न उभा राहील. म्हणून फायली हाताळणाऱ्या खात्यांत कोणाला नेऊ नये, हे मान्य. सभागृहाची गोष्ट वेगळी. मोजके अपवाद सोडता पालिकेची सभा जनतेला खुली असावी, हे त्याच कायद्यात आहे. बर्लिनमध्ये राइशस्टागवर 1999 साली उभारलेल्या काचेच्या घुमटात नावनोंदणी केलेला कोणीही विनामूल्य जातो आणि खाली खासदारांचे सभागृह पाहतो. संसद तरीही चालतेच. इथे मात्र मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात आलेल्या पाहुण्यांना लोकनियुक्त सदस्यांविनाच सभागृह पाहावे लागले. सदस्य बसलेले असतील तेव्हा प्रेक्षक-सज्जातल्या थोड्या जागा या फेरीसाठी राखाव्यात, आणि वाटाड्याने छताच्या नक्षीसोबत त्या दिवशीची विषयपत्रिकाही समजावून सांगावी. सुरुवात अर्थसंकल्पावरच्या चर्चेपासून करता येईल.