एमएसडब्ल्यू करतोय, मग संघटना कशाला?

समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींपुढे व्यावसायिक संघटनेच्या सदस्यत्वाचा विषय काढला, की पहिला प्रश्न येतो, "त्यानं नोकरी लागते का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर, नाही.

सदस्यत्व म्हणजे वकिलाच्या सनदेसारखा परवाना, हा यातला सगळ्यात पक्का गैरसमज. अमेरिकेतली समाजकार्यकर्त्यांची राष्ट्रीय संघटना १९५५ साली सात संस्था एकत्र येऊन झाली. विद्यार्थ्यांना ती कमी शुल्कात सदस्य करून घेते, पण परवाना राज्याचं मंडळ देतं. भारतात समाजकार्याचं पहिलं विद्यालय मुंबईत १९३६ साली निघालं. तरीही सरसकट सगळ्या समाजकार्यकर्त्यांना नोंदणी बंधनकारक करणारी परिषद आपल्याकडे नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं राज्य प्राधिकरणाकडे नोंदणीची तरतूद केली, ती सायकियाट्रिक सोशल वर्करपुरती.

मुलं उदासीन असतात, असं शिक्षकांकडून ऐकू येतं. हे अन्यायाचं आहे. वर्ग, फील्डवर्क, रात्री त्याचा अहवाल, प्रवासखर्च स्वतःचा. त्यात नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'कोणत्याही शाखेचा पदवीधर, एमएसडब्ल्यू असल्यास प्राधान्य'. पदवीचीच जिथे सक्ती नाही, तिथे सदस्यत्वासाठी खिशात हात कोण घालणार?

पण हीच जाहिरात बदलून घ्यायला संघटना लागते. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांची अखिल भारतीय संघटना १९६१ साली निघाली होती. पुढे ती थंडावली आणि व्यवसायाच्या वतीनं बोलणारा मोठा आवाज गेला.

'आधी नोकरी लागू दे, मग बघू' हेही तितकंसं खरं नाही. गरज फील्डवर्कपासूनच पडते. समजा, वस्तीतली पंधरा वर्षांची मुलगी विद्यार्थिनीला अत्याचाराबद्दल सांगते आणि हात धरून विनवते, "ताई, कुणाला सांगू नका." गोपनीयता पाळायची, हे वर्गात शिकवलेलं असतं. पॉक्सो कायदा मात्र पोलिसांना कळवणं बंधनकारक करतो. ते मुलीला कसं सांगायचं, तिच्या घरात पुढे काय होईल, याचा विचार सुपरवायझरबरोबर व्हायलाच हवा. अशा केसेस हाताळलेली ज्येष्ठ माणसं संघटनेतून ओळखीची झालेली असतील तर पुढच्या कामातही मोठा आधार होतो.

अर्थात पावती फाडण्याआधी चौकशी करावी. विद्यार्थ्यांसाठी वेगळं शुल्क आहे का, आपल्या शहरात बैठका होतात का, आणि विद्यार्थी सदस्याला मताचा अधिकार आहे का? शेवटचा प्रश्न आवर्जून विचारावा.